उत्कर्षाचं अर्धं वाक्य

उत्कर्षा वानखेडे तंतुकणिकांवर संशोधन करायची. म्हणजे मायटोकॉन्ड्रियांवर. शाळेत सगळ्यांनी ‘पेशीचं ऊर्जाघर’ असं घोकून मार्क मिळवलेले असतात आणि पुढे जन्मात त्यांचं नाव काढलेलं नसतं, त्याच त्या. यवतमाळहून पुण्याला येऊन तिनं या विषयात डॉक्टरेट घेतली आणि पाषाणच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागली. तिचा प्रबंध आजवर तिघांनी उघडला होता. दोघे परीक्षक होते, त्यांना ते भागच होतं. तिसरा तिचा नवरा तेजस. तो ऋणनिर्देशात स्वतःचं नाव सापडेपर्यंत वाचत गेला आणि समाधानानं थांबला.

तेजस हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. एकदा त्याच्या कंपनीतून निशाचा फोन आला. ती तिथल्या एचआरमध्ये होती.

“मॅडम, आमच्याकडे वेलनेस वीक आहे. तुम्ही इम्युनिटीवर बोलाल का? पण सिम्पल हं. आणि थोडं पॉझिटिव्ह.”

आपल्या विषयावर कुणी आपणहून बोलायला बोलावतंय, हे उत्कर्षाच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. तिनं रजा टाकून दोन दिवस तयारी केली.

भाषण खरंच चांगलं झालं. ती म्हणाली, “शरीरात जंतू शिरले की आपल्या रोगप्रतिकारक पेशींमधल्या तंतुकणिका रोजचं ऊर्जा बनवण्याचं काम मागे टाकतात आणि लढाईत उतरतात. जंतूंना मारणारी रसायनं बनवतात, धोक्याचे इशारे देतात. पण हे फार ताणलं, तर त्या स्वतःच फुटतात. त्यांचे तुकडे पेशीत सांडतात आणि शरीर त्या तुकड्यांनाच जंतू समजून स्वतःला भाजून काढतं. म्हणून आजारपणात पडून राहणं हा आळस नाही.” टाळ्या झाल्या. निशानं तिला कुंडीतलं एक रोप दिलं आणि सगळे जेवायला गेले.

पुढच्या आठवड्यात तेजसनं फोटो पाठवला. कंपनीच्या लॉबीत पुरुषभर उंचीचं पोस्टर लागलं होतं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : ‘संकटात पेशीसुद्धा रोजचं काम सोडून लढाईत उतरते. आणि तुम्ही?’ खाली उत्कर्षाचं नाव, नावाआधी डॉक्टर. कंपनीचं नवं सॉफ्टवेअर महिनाअखेर बाहेर पडायचं होतं आणि शनिवार-रविवारी कामाला यायचं आवाहन त्याच पोस्टरच्या तळाशी होतं.

आपलं वाक्य अर्ध्यात कापलंय, हे तिला दिसलं. पण खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. तिनं तो फोटो यवतमाळला आईला पाठवला. आईचा लगेच फोन आला, “किती मोठं लावलं गं नाव!”

“वाक्य अर्धंच आहे,” तेजस रात्री जेवताना म्हणाला.

“पोस्टरवर तेवढंच मावतं,” उत्कर्षा म्हणाली.

मग तेजसला ताप आला. अंग ठणकत होतं, डोळ्यांच्या मागे दुखत होतं. तो क्रोसिन घ्यायचा, डेक्कनवरून कंपनीची बस पकडायचा आणि खिडकीला डोकं टेकून हिंजवडीपर्यंत झोपायचा. रस्त्यावर गाड्यांची इतकी गर्दी असायची की झोप पुरेशी व्हायची.

“डॉक्टरकडे जाऊन ये,” उत्कर्षा सांगायची.

“रिलीज झालं की जातो. सध्या माझ्या तंतुकणिका लढतायत,” तो म्हणायचा, आणि दोघंही हसायची. रविवारी तीही घरी नव्हती. प्रयोगशाळेतल्या पेशींचं पोषक द्रव्य ठरल्या वेळी बदललं नाही तर त्या मरतात, म्हणून ती पाषाणला गेली होती.

सोमवारी ताप उतरला. तेजस खुशीत ऑफिसला गेला आणि दुपारी लॉबीत, त्या पोस्टरसमोरच, चक्कर येऊन कोसळला.

सहकाऱ्यांनी त्याला गाडीत घालून, त्याच्याच हट्टावरून थेट सदाशिव पेठेत, घराजवळच्या डॉक्टर पेंडशांच्या दवाखान्यात आणलं. उत्कर्षा धावत पोचली, तेव्हा डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघत होते.

“डेंग्यू,” ते म्हणाले. “प्लेटलेट उतरल्यात. लगेच ॲडमिट करा, चिठ्ठी देतो. ताप कधीपासून होता?”

“चार-पाच दिवस. आज उतरला होता.”

“डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच सांभाळायचं असतं. आपण काय करता?”

“मी... संसर्ग झाल्यावर पेशी कशा वागतात, त्यावर संशोधन करते.”

“अरे वा,” डॉक्टर चिठ्ठी लिहीत म्हणाले. “पेशंटचंही वागणं बघत चला अधूनमधून.”

तेजस वाचला. पण हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून उत्कर्षाच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. पेशी जरा सुकल्या तरी आपल्याला सूक्ष्मदर्शकातून कळतं, आणि घरात माणूस तापानं फणफणत होता तर आपण त्याच्या विनोदाला हसलो. स्वतःवर फार वेळ रागावणं जड जातं. तिनं तो राग निशाकडे वळवला.

तेजसला घरी आणल्यावर ती तडक हिंजवडीला गेली. काय बोलायचं ते तिनं रिक्षात ठरवलं होतं, आणि वाटेत रिक्षा इतका वेळ अडकली की ते चांगलं पाठही झालं.

निशा स्वेटर घालून बसली होती. बाहेर ऊन होतं.

“माझं वाक्य अर्ध्यात कापलंत तुम्ही,” उत्कर्षानं सुरुवात केली.

“सॉरी मॅडम. दुसरा भाग जरा निगेटिव्ह होता,” निशा म्हणाली. तिचे दात वाजत होते.

उत्कर्षानं बोलता बोलता तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

“कधीपासून आहे हे?”

“शुक्रवारपासून. पण पोस्टर मीच लावलंय ना. आता मीच कशी घरी बसू?”

पाठ केलेलं सगळं भाषण उत्कर्षा विसरली. “पर्स घ्या, उठा,” ती म्हणाली. खाली रिक्षा अजून उभीच होती. तिला परत वळायला जागा मिळाली नव्हती. निशाला तिनं थेट डॉक्टर पेंडशांकडे नेलं.

“ह्या कोण?” डॉक्टरांनी विचारलं. “ह्याही संशोधक?”

निशाला टायफॉइड निघाला. कंपनीनं दोघांच्या घरी फुलं पाठवली आणि सोबतच्या कार्डावर लवकर रुजू व्हा असं छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षानं आपल्या विभागप्रमुखांकडे आठवड्याची रजा मागितली.

“आत्ता? मग तुमच्या पेशींचं कोण बघणार?” ते म्हणाले.

“त्या आजारी नाहीत, सर,” ती म्हणाली आणि निघाली.

घरी तेजस भर दुपारी गाढ झोपला होता. तिनं आवाज न करता कुकरमध्ये मऊ भात लावला. शिट्टी झाली तर तो उठेल म्हणून तिनं शिट्टी काढूनच ठेवली, आणि भात शिजायला बराच वेळ लागतोय म्हणून ती त्याच्या शेजारी जरा आडवी झाली.