अडतीस मिनिटांचं चाक

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. कधीच न थांबणारं चाक म्हणून माझा जन्म झाला आणि अडतीस मिनिटांनी मी थांबलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मला लबाड म्हणायला नको. थांबल्याची मला लाज वाटत नाही. एके काळी मात्र वाटली होती, फार वाटली होती.

मला घडवलं चंपतने. तो भंडाऱ्याकडचा. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा बायकोला घेऊन इथे आला आणि खलाशी म्हणून लागला. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे हं. अवजड लोखंड दोरखंडांनी बांधून वर चढवणारा तो इथला खलाशी. त्याची बायको शेवंता सुरुवातीला रेजा होती, डोक्यावर घमेली वाहायची. दोघांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि घरात एक गोष्ट पक्की होती, की कुणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, स्वतः पारखून घ्यायचं.

एकोणीसशे एकोणसाठच्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. चंपत तेव्हा गर्दीत मान उंच करून उभा होता. कुणीतरी म्हणालं, आता ही वर्षानुवर्षं विझणार नाही. ते वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. भट्टी थांबत नाही, मग चाक कशाला थांबेल? पाळीवरून आला की तो जमिनीवर खडूने वर्तुळं काढत बसे. शेवंता ती वर्तुळं ओलांडून चुलीकडे जाई आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटे.

मग चार्जमनला, म्हणजे पाळीवरच्या मुकादमाला विचारून त्याने भंगारातून एक जड लोखंडी कडं आणलं. मोडक्या क्रेनच्या कप्पीतलं बेअरिंग आणलं, ते रॉकेलमध्ये आठवडाभर भिजवलं, त्यातली एकेक गोळी फडक्याने पुसली आणि पुन्हा बसवली. माझ्या पोटात त्याने पत्र्याचे बारा वाकडे कप्पे केले आणि प्रत्येकात एक पोलादी गोळा सोडला. खाली येणाऱ्या बाजूचे गोळे कडेकडे घरंगळतील, वर जाणाऱ्या बाजूचे आसाकडे येतील, म्हणजे एक बाजू कायम जड राहील आणि मी कायम फिरेन, असा त्याचा हिशेब. कामगारांच्या कॅम्पातल्या त्या एका खोलीत, दाराजवळच्या कोपऱ्यात, त्याने मला लोखंडी घोडीवर चढवलं आणि एक धक्का दिला. मी असा काही फिरलो की मलाच माझं नवल वाटलं.

थोड्या वेळाने मी थांबलो. चंपतने कप्पे वाकवले, पुन्हा धक्का दिला. पुन्हा थांबलो. महिनाभर हेच चाललं. एके दुपारी पाळीवरून येऊन त्याने मला थांबलेलं पाहिलं आणि धक्का न देताच तो आडवा झाला. त्या दिवशी तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या येण्याच्या वेळेला शेवंताने जाता जाता मला हात लावला. फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला फक्त त्याला जेवताना पाहायचं होतं.

चंपत आला, त्याने पाहिलं, मी फिरत होतो. त्या दिवशी तो चार भाकरी जेवला.

इथून शेवंताच्या मागे माझं काम लागलं. वेगात असलो की माझे गोळे कडेला चिकटून गप्प राहत. वेग उतरला की ते कप्प्यांत खळखळू लागत. ती खळखळ कानावर आली, की रडत्या लेकराकडे धावावं तशी ती चुलीवरून, रात्री अंथरुणातून उठून येई आणि मला ढकलून जाई. चंपत घरी असला की तिची फारच तारांबळ उडे. कधी पाण्याच्या निमित्ताने, कधी केरसुणीच्या निमित्ताने ती माझ्याजवळून जाई, आणि हा भोळा माणूस शेजारच्या भैयालालला सांगे, की खळखळते तेव्हा चाक श्वास घेते अन् मग पुन्हा पळते. घरात घड्याळ नव्हतं. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजायचा, त्यामुळे माझा वेळ कुणी मोजलाच नाही.

कौतुक काय वर्णावं! लोक पाहायला येत. भैयालाल मोठा भाविक. तो नारळ आणि हळदकुंकू घेऊन आला. चंपतने त्याचा हात धरला आणि म्हणाला, पाया पडू नका, नीट पाहा. माझी छाती फुगली. पण त्याच आठवड्यात त्याने कुणाकडून तरी राजीनामा लिहून घेतला. मला मोठ्या इंजिनियरांना दाखवायला तो नागपूरला जाणार होता. खलाशाचा फिटर होण्यासाठी सोमवारी ट्रेड टेस्ट होती, यादीत त्याचं नाव होतं, पण आता मले त्याची गरज नाई, असं तो सांगत सुटला होता.

शेवंता चुलीपाशी हिशेब मांडू लागली. नोकरी गेली की खोली जाणार, आणि मागे गाव, जिथे विहिरीवर यांना पाणी भरू देत नसत. सांगावं, तर नवरा मोडून पडेल. न सांगावं, तर राजीनामा जाईल. तिचा प्रत्येक धक्का आता त्या कागदाला बळ देत होता. तरी खळखळ ऐकू आली की तिचा हात आपोआप पुढे येई. मला बोलता आलं असतं तर मीच तिला नको म्हणालो असतो.

ट्रेड टेस्ट घेणारे नरहरी सर प्रशिक्षण वर्गात शिकवत. चंपत त्यांना सांगायला गेला की मी परीक्षेला येत नाही, आणि वर म्हणाला, घरी येऊन पाहा. सर रविवारी सकाळी खरंच आले. मनगटावर घड्याळ होतं. त्यांनी माझ्या घोडीखाली वाकून पाहिलं, दोरी आहे का, तार आहे का. मग म्हणाले, एक तास खोलीत कुणी जायचं नाही, सगळ्यांनी बाहेर बसायचं. चंपत आनंदाने तयार झाला. पारखणाऱ्याला तो नाही कसं म्हणणार?

त्याने धक्का दिला, दाराला कडी लागली. मी एकटा उरलो.

साधारण अर्धा तास झाला असेल. माझे गोळे खळखळू लागले. बाहेर ऊन चढलं होतं. सरांनी सहज पाणी मागितलं. सगळे दाराकडे पाहू लागले, कारण माठ आत होता. आणि शेवंताच्या मनात दुसरंच काही होतं. या घरचं पाणी मागून पिणारा असा पाहुणा तिने पहिल्यांदा पाहिला होता. सर म्हणाले, जाऊन आण बाई, फक्त चाकाला हात लावू नकोस.

ती आत आली. पेला भरला. दुसरा हात रिकामा होता. मी अगदी हळू झालो होतो, एका बोटाने काम भागलं असतं. तिचा हात उठला. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मलाही तो हात हवा होता.

ती पुटपुटली, "पाणी मांगणाऱ्या माणसाले मी खोटं नाई दाखवत, बापा."

हात खाली गेला. पेला घेऊन ती बाहेर गेली, कडी लागली, आणि थोड्याच वेळात मी थांबलो.

खळखळ बंद झालेली बाहेर सगळ्यांना कळली. भैयालाल उठू लागला, पण चंपत म्हणाला, तास पुरा होऊ द्या. तो उरलेला वेळ तो तसाच मांडीवर हात ठेवून बसला. त्या बसण्याबद्दल मला त्याचा फार अभिमान वाटतो.

दार उघडलं. चंपत माझ्यासमोर उकिडवा बसला.

"काल तं फिरून राहिलं होतं. आज कावून थांबलं?"

भैयालालला वाटलं, नारळ फोडला नाही म्हणून. शेवंता पुढे झाली.

"अवो, भट्टी विझत नाई, कारण वरून रोज माल घालतेत. तुमच्या चाकाले मी घालत होती. तुम्ही जेवत नव्हते म्हणून."

चंपतने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राजहऱ्याच्या खाणीतला लोखंडाचा दगड, कोक, चुनखडी, सगळं डब्यांतून भट्टीच्या डोक्यावर चढताना त्याने हजारदा पाहिलं होतं. त्या डब्यांचे रूळ चढवताना दोरखंड त्यानेच बांधले होते. पण ते आणि न विझणं, या दोन गोष्टी त्याने कधी एकत्र ठेवल्या नव्हत्या.

सर हसले नाहीत. त्यांनी खडू मागितला आणि चंपतलाच मोजायला लावलं. खाली येणाऱ्या बाजूला कडेला गोळे किती? पाच. वर जाणाऱ्या बाजूला आसाजवळ? सात. जे लांब आहेत ते थोडे आणि जे जवळ आहेत ते जास्त, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच. चंपतने दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग सरांनी घड्याळ हातात घेऊन मला स्वतः एक धक्का दिला आणि शेवटपर्यंत बसून राहिले. अडतीस मिनिटं. त्यांनी माझ्या आसावर बोट फिरवलं.

"हे बेअरिंग कुणी बसवलं?"

"मीनं."

"भंगारातलं बेअरिंग, आणि एका धक्क्यात अडतीस मिनिटं? चंपत, मी उद्या परीक्षेत हेच विचारणार होतो. चाकाने तुला फसवलं असेल, हाताने नाही."

माझ्या घोडीचा एक पाय जरा आखूड होता, मी नेहमी डुगडुगत असे. चंपतने खिशातून राजीनामा काढला, चार घड्या घातल्या आणि त्या पायाखाली सारला. मी घट्ट उभा राहिलो. मग त्याने शेवंताला विचारलं, भाकरी आहे का?

सोमवारी तो परीक्षेला गेला. फिटर झाला.

मी मग दोन वर्षं खाटेखाली पडून होतो. धूळ बसली, आसावर गंज चढू लागला. माझा उपयोग संपला असं मला वाटलं. पण सरांना माझी आठवण राहिली होती. त्यांनी मला मागून घेतलं, आणि आता मी कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टरातल्या शाळेच्या प्रयोगशाळेत उभा आहे. घडीचा कागद अजून पायाखालीच आहे. माझ्याकडे पाहून मुलं गोळे मोजतात, आणि न थांबणारं चाक का होत नाही ते स्वतःच शोधून काढतात. त्यांना पाठ करावं लागत नाही. फुकट फिरण्याच्या स्वप्नापेक्षा हे काम मला जास्त आवडतं.

दोनच विनंत्या आहेत, मित्रांनो. आसाला तेल घालत जा. आणि एखादी गोष्ट आपोआप चाललेली दिसली, तर जरा थांबून तिच्यामागचा हात शोधा. तो घरातच असेल, चुलीपाशी.

दरवर्षी फेब्रुवारीत चंपत तेलाची कुपी घेऊन येतो. शेवंता बरोबर असते. तेल तो घालतो आणि धक्का ती देते, आता सगळ्यांदेखत. मुलं घड्याळाकडे पाहत मोजतात. यंदा एकेचाळीस मिनिटं झाली. थांबण्याआधी गोळे खळखळू लागले तसा सवयीने शेवंताचा हात पुढे आला. चंपतने तो हलकेच हातात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "आता थांबलं तरी मी जेवतो."