धुतलेला शाळू

जैन बस्तीतून दर्शन घेऊन रत्नाबाई घरी आल्या तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. त्यांनी दार लोटलं, एक पाय आत टाकला आणि दुसरा बाहेरच राहिला.

अंगणभर पाखरं पडली होती. चिमण्या, होले, दोन साळुंख्या. बहुतेक उताणी, पाय पोटाशी आखडलेले. एक होला जिवंत होता. त्याची मान मागं पाठीला टेकली होती आणि एकच पंख भुईवर आपटत होता, त्यामुळे तो जागच्या जागी गोल फिरत होता. रत्नाबाईंनी त्याला ओंजळीत घेतलं. थरथर त्यांच्या मनगटापर्यंत आली, आणि मग थांबली.

दाणे सकाळी त्यांनीच टाकले होते.

चातुर्मासात त्यांचा नेम असे. पाखरांना पसाभर धान्य टाकल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. परवा त्यांच्या यजमानांनी, बाबासोंनी, मळ्यात शाळू पेरला, रब्बीची ज्वारी. नवं बियाणं होतं, तालुक्याहून आणलेलं, गुलाबी रंगाचं. अडीच-तीन शेर उरलं ते घरी आलं. "वाळवीचं औषध लावलंय, दळायला घेऊ नका," एवढंच बाबासो म्हणाले होते. रत्नाबाईंनी दळायला घेतलं नाही. पण धान्य उकिरड्यावर टाकायचं म्हणजे पाप. म्हणून काल त्यांनी ते गाळलेल्या पाण्यात तीनदा चोळून धुतलं. पहिलं पाणी गुलाबी निघालं, दुसरं फिकट, तिसरं विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक गोष्ट अशीच शुद्ध करून घेतली होती. पाणी गाळून, धान्य निवडून, भाजी पानापानानं बघून. नितळ पाणी निघाल्यावर त्यांच्या मनात शंका उरली नाही. रंग वरवरचा होता, तो गेला. औषध मात्र दाण्याच्या पोटात मुरलं होतं, आणि ते डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं.

त्या तशाच बसून राहिल्या असत्या, पण भिंतीपलीकडून वास आला. कांदा-खोबरं भाजल्याचा, आणि त्याखाली दुसरा.

पलीकडं जुलेखाचं घर. तिचा नवरा अमीन कापूस पिंजून गाद्या भरायचा. वीस वर्षांचा शेजार. दोन्ही अंगणांच्या मधली भिंत कमरेएवढी, आणि जुलेखाच्या कोंबड्या रोज सकाळी ती ओलांडून पाखरांच्या दाण्यावर यायच्या. रत्नाबाई हाकलायच्या नाहीत. जुलेखा हसायची, "अक्का, माझ्या कोंबड्या निम्म्या जैन झाल्यात बघा. घरचा कोंडा खाईत न्हाईत." त्यावर रत्नाबाई म्हणायच्या, "मग कापू नको की त्यास्नी." वास आला की त्या खिडकी लावून घ्यायच्या आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

आज त्या खिडकीकडं वळल्या नाहीत. आज मंगळवार. सण नाही, पाव्हणा नाही. आडवारी जुलेखाच्या घरी कोंबडी शिजत नाही. मग आज का?

सकाळी किती कोंबड्या आल्या होत्या? तीन. तांबडी, आणि दोन ठिपक्यांच्या.

रत्नाबाई उठल्या. होला भुईवर ठेवला आणि भिंतीवर चढल्या. पन्नाशीची बाई, पदर कुठं चाललाय याचं भान नाही. पलीकडं उतरल्या तेव्हा अमीन मोरीपाशी बसून सुरी धूत होता.

"अक्का? वरनं कशाला आलासा? दार उघडं हाय की!"

"कोंबड्या... कोंबड्यास्नी काय झालतं?"

"काय की वो. एकाएकी लटपटाय लागल्या. तिन्ही. मान टाकाय लागल्या तवा म्हटलं, आता जीव जायच्या आत सुरी फिरवावी. आपसूक मेल्यावर खायला चालत न्हाय आमास्नी. तेवढंच कालवण तरी हुईल."

रत्नाबाई त्याच्या अंगावरून आत गेल्या.

वीस वर्षांत त्या या घराच्या सोप्यापुढं कधी गेल्या नव्हत्या. सोप्यात बसून त्यांनी बाळंतिणीला काढा पाजला होता, मयताला रडल्या होत्या, पण चुलीकडचं दार त्यांच्यासाठी नव्हतंच. आता ते दार त्यांनी वाकून ओलांडलं. चुलीवर पातेलं रटरटत होतं. जुलेखा पाट्यावर मसाला वाटत होती. आणि भिंतीला टेकून अमीनची आई, हाफिजाबी, बसली होती. म्हातारीच्या तोंडात दात नव्हता, म्हणून घरात कोंबडी कापली की निखाऱ्यावर भाजलेली कलेजी पहिल्यांदा तिला मिळायची. तिच्या थाळीत काळपट तुकडे होते. एक तुकडा तिनं बोटांत धरला होता आणि ती फुंकर घालत होती.

रत्नाबाईंनी तो तिच्या हातातून हिसकावला.

त्यांच्या तळहातावर तो मऊ आणि गरम होता. जन्मात त्यांनी मांसाला बोट लावलं नव्हतं. मूठ उघडायची सुद्धा त्यांना उमज पडेना.

"किती खाल्लीसा?" त्या ओरडल्या. "हाफिजाबी, किती खाल्लीसा?"

म्हातारीनं थाळी जवळ ओढली. जुलेखा पाट्यावरून उठली. "अक्का, डोकं फिरलं काय तुमचं? म्हातारीच्या तोंडचा घास काढतासा? काय वंगाळ झालं आमच्याकडनं, सांगा तरी!"

"खाल्ली काय तिनं?"

"न्हाय वो! आत्ताच तर भाजून दिली तिला!"

रत्नाबाईंनी दुसऱ्या हातानं पातेल्याचा काठ धरला आणि ते चुलीवरून ओढलं. रस्सा निखाऱ्यांवर सांडला, फसकन राख उडाली, घर धुरानं भरलं. जुलेखा किंचाळली. दारात अमीन येऊन उभा राहिला, हातात ओली सुरी तशीच.

"माझा शाळू," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांची बोटं भाजली होती, ते त्यांना अजून कळलं नव्हतं. "बियाणाचा. त्याला औषध हुतं. मी धुतला. तीन पाण्यांनी धुतला, जुलेखा. पाखरं मेली सगळी. तुझ्या कोंबड्यांनी त्योच खाल्ला."

मग जुलेखानं म्हातारीपुढची थाळी उचलली, जपून, जणू तिच्यात साप होता. सासूचं तोंड उघडून तिनं आत बोट फिरवलं. "गिळलं न्हाईसा न्हवं? खरं सांगा, अम्मा." म्हातारीनं मान हलवली आणि एकदम रडायला लागली.

जुलेखा रत्नाबाईंकडं वळली. तिच्या तोंडावर राग होता की दुसरं काही, ते धुरात समजेना. "धुतला म्हणं," ती म्हणाली. "सांगायचं तरी हुतंसा, अक्का. नुसतं भिंतीवरनं एक हाक घालून."

रत्नाबाईंनी मूठ उघडली आणि कलेजीचा तुकडा राखेत पडला.

अमीन सुरी खाली ठेवत होता. ठेवता ठेवता थांबला. "अक्का," त्यानं विचारलं, "रानात किती पेरलाय ह्यो?"

"चार एकर."

म्हणाल्या, आणि मगच त्यांना ते ऐकू आलं. बियाणं पेरायच्या कुरीनं मातीत जातं, पण सगळं जात नाही. बांधाला कुरी उचलून वळवतात तिथं मूठमूठ दाणे उघडे सांडतात. पेरणीमागं होले आणि पारवे येतात. दरसाल येतात. परवा पेरणी झाली. काल दिवसभर ऊन होतं, पाखरं उतरली असणार.

त्या अनवाणीच निघाल्या. वाटेत कुणाच्या तरी दारातला रॉकेलचा रिकामा डबा त्यांनी उचलला. मागून पावलं वाजली म्हणून वळून बघितलं, तर जुलेखा येत होती, हातात रिकामं पातेलं आणि पळी घेऊन.

मळ्याच्या बांधावर पोचल्या तेव्हा पेरलेल्या तासातासांतून, ओळीओळींतून, पारवे चालत होते. शंभर तरी असतील. शांतपणे माना खाली-वर करत. मधे मधे काही निळसर ढिगासारखे पडले होते आणि बाकीचे त्यांना वळसा घालून टिपत होते.

रत्नाबाईंनी डबा बडवला. जुलेखानं पातेलं. "हाऽऽ! हाऽऽ!" रत्नाबाईंचा आवाज चिरकला. पाखरांवर ओरडायची त्यांच्या गळ्याला सवय नव्हती.

थवा एकदम उठला, विहिरीवरून एक फेर घेतला आणि चार एकरांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उतरला.