मालनबाईची मोटार

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही जेमतेम पाऊण तास. ज्याच्याकडे मोटार नाही, त्यानं मग पुढचे आठ दिवस शेजाऱ्यांची तोंडं बघावीत. म्हणून संध्याची मोटार ऐन वेळी जळाली आणि शेजारच्या कडुबाकाकांनी स्वतःहून आपली आणून दिली, तेव्हा तिला नाही म्हणवलं नाही. खरं तर म्हणायला हवं होतं. याच मोटारीचा शॉक लागून गेल्या उन्हाळ्यात त्यांची बायको मालनबाई गेली होती.

"मोटारीत काय बी खोट नाय," काका म्हणाले होते. "ती अनवाणी गेली, वल्ल्या फरशीवर. लई धांदरट बाई." वर्षभर ते सगळ्यांना हेच सांगत होते आणि गल्लीही माना डोलावत होती. मेलेल्या बाईच्या डोक्यावर खापर फोडायला काय जातं!

सकाळी संध्याच्या नवऱ्यानं, राजेंद्रनं, घाईघाईत मोटार नळाला जोडली, प्लग बोर्डात खोचला आणि तो कंपनीत गेला. दुपारी संध्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर फरशीवर ओल्या चपलांचे ठसे. नळापासून थेट बोर्डापर्यंत.

"संस्कृती, वल्ल्या चपला घालून घरात आलीस का गं?"

"मम्मी, घरात पाणीच नाय, तर वल्ल्या कशानं व्हतील?" बारा वर्षांची पोर हसली. खरंच होतं. पिंप कोरडं, बादल्या कोरड्या, पोरीचे पाय धुळीनं पांढरे.

संध्यानं फडक्यानं ठसे पुसले. फडकं मोरीत टाकून परत आली, तर बोर्डाखाली पुन्हा दोन ठसे. या वेळी दोनच, शेजारी शेजारी, टाचा भिंतीकडे आणि चपलांची टोकं खोलीकडे. बोर्डाकडे पाठ करून कुणी वाट अडवून उभं असावं तसे. ती बघत असतानाच त्या ठशांखालची ओल हळूहळू पसरायला लागली.

"नळ आले!" गल्लीत ओरड झाली. घरोघरी मोटारी घुरघुरू लागल्या. संस्कृती धावत आली, एक हात बोर्डाजवळच्या मोटारीवर टेकवून तिनं दुसरा बटणाकडे नेला. संध्यानं तिला दंडाला धरून असं ओढलं की पोर आपटली आणि रडायला लागली.

संध्यानं प्लग उपसून काढला. त्याला दोनच पिना होत्या. तिसरी, अर्थिंगची जाड पिन, पकडीनं मोडून काढलेली. मोटारीत करंट उतरलाच तर तो माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, म्हणून असते ती.

तिनं दारातूनच काकांना हाक मारली. ते आले.

"काका, ही पिन कुणी मोडली?"

"मीच. आमच्या बोर्डाला दोनच भोकं व्हती."

"मालनमावशीच्या पायात चपला व्हत्या ना त्या दिवशी?"

बाहेर लोकांचे हंडे भरत होते, संध्याचं पाणी वाया जात होतं.

"व्हत्या," ते म्हणाले. "मीच काढून टाकल्या, माणसं यायच्या आधी."

संध्यानं तो प्लग त्यांच्यापुढे धरला. "अन् तरी ही मोटार माझ्या घरी दिली? माझ्या लेकरापाशी?"

"तुमच्याकडं नीट चालली असती," काका खाली बघत म्हणाले, "तर मला म्हणता आलं असतं, तिचंच चुकलं."