मिशीवाले पाटील आणि मी, ऑर्डरची वही

जानेवारीतला शनिवार होता. सकाळचे अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण मोनाने त्याच वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

मी तिच्या दुकानातली ऑर्डरची वही बोलतेय. दोनशे पानांची, लाल कापडी पाठीची. एक कोपरा कुरतडलेला आहे, तो का ते पुढं सांगते.

कसबा बावड्यात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला मोना आणि तिचा नवरा विजयसिंह यांचं छपाईचं दुकान आहे. टी-शर्ट, कप, टोप्या, फुटबॉलच्या जर्सी. तुम्ही सांगाल ते नाव आणि द्याल तो फोटो त्यावर छापून मिळतो. विजयसिंह मागं मशीनवर, मोना पुढं काउंटरवर, आणि त्यांची दहा महिन्यांची सई काउंटरखाली कापडाच्या गठ्ठ्यावर.

मला दसऱ्याला आणलं. मोनाच्या सासूबाई शालूबाई यांनी हळदकुंकू वाहून पहिल्या पानावर ‘श्री’ काढला. दुसऱ्याच दिवशी सईने माझा कोपरा तोंडात धरला. तिला तेव्हा नुकते दात येत होते.

मोना सातवीपर्यंत शिकलेली. तिचं अक्षर गोल, टपोरं, शाळेतल्या पाटीवर काढल्यासारखं. लिहिताना ती ओठ मिटून घ्यायची, चुकेल की काय अशी सारखी धाकधूक. पण चुकायची नाही.

अडचण वेगळीच होती. आमच्याकडं गिऱ्हाईक आलं की विचारावं, नाव काय लिहू? तो म्हणणार, “पाटील लिवा.” पूर्ण नाव? “पाटील म्हटलं की बास की. मी येतोच न्यायला.” बावड्यात पाटील काय थोडे आहेत?

फोन नंबर मागायची मोनाला चोरी होती. एकदा तिने एकाला विचारला, तर शालूबाई मागून म्हणाल्या, “गिऱ्हाइकाचा नंबर कशाला पायजे तुला? काम झालं की येतोय की त्यो.” बाई वाईट नव्हत्या. तरणी सून अनोळखी पुरुषांचे नंबर लिहून घेते, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं, एवढंच. त्या दिवसापासून मोनाने नंबर मागितला नाही.

तिने आपली एक युक्ती काढली. नावापुढं माणसाची खूण लिहायची. पाटील, बुलेट. पाटील, पान खाणारे. पाटील, मफलर. पाटील, मिशी. तीन महिने एकही पार्सल इकडचं तिकडं झालं नाही. मलाही जरा गर्व चढला होता.

तर त्या शनिवारी एक तुळतुळीत तोंडाचा माणूस आला.

“वैनी, जर्सी झाल्या न्हवं? चार वाजता मॅच हाय.”

“कुठल्या नावानं?”

“पाटील.”

मोनाने माझी पानं पुढं-मागं केली. “तुमची ऑर्डर दिसत नाही हो.”

“दिसत न्हाई? पंधरा जर्सी, हिरव्या. तुमीच लिवून घेतल्या की.” मग त्याने वरच्या ओठावरून हात फिरवला आणि मान खाली घातली. “मिशीमुळं ओळख पटंना व्हय? गेल्या रविवारी पैज हरलो. संघ हरला तर मिशी उतरवीन म्हणालतो.”

हे गणपतराव. आमचे ‘पाटील, मिशी’.

मोनाने घड्याळाकडं बघितलं ते तेव्हा. कारण अर्ध्या तासापूर्वीच एक झुपकेदार मिशांचा माणूस आला होता. “पाटील. पार्सल द्या लौकर, गडहिंग्लजची एस.टी. धरायची हाय.” मोनाने मिशी बघितली, माझ्यात ‘पाटील, मिशी’ बघितलं, आणि पार्सल दिलं. आता फळीवर ‘पाटील, मफलर’ तसंच पडून होतं. ऑर्डर द्यायला आला तेव्हा त्या पावण्याला सर्दी होती. नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. मिशी त्याच्या आत होती.

दोन्ही पार्सलांना सारखाच खाकी कागद. हिरव्या जर्सी गडहिंग्लजच्या वाटेला लागलेल्या, आणि माझ्या दोनशे पानांत त्या माणसाचा नंबर कुठंच नाही. मला माझीच लाज वाटली.

विजयसिंहने मफलरचं पार्सल उचललं आणि मोटरसायकलला किक मारली. गणपतराव स्टुलावर बसून राहिले. सई रडायला लागली तशी त्यांनी तिला मांडीवर घेतलं. ती त्यांच्या ओठावरून बोटं फिरवत बसली.

“बघा, ही पण मिशीच हुडकतीया,” गणपतराव म्हणाले. मोनाला हसू येईना.

वाटेत कागलच्या स्टँडवर गाडी सुटता सुटता विजयसिंहने ती गाठली. परत आल्यावर सांगत होता, “आत चढलो आणि बघतो तर सात मिशा. कुणाला विचारू? शेवटी ओरडलो, पावणं, छपाईचं पार्सल कुणाकडं हाय? अख्खी गाडी हसली.”

जर्सी वेळेत पोचल्या. संघ पुन्हा हरला, पण हिरव्या जर्सीत हरला.

मोनाला कुणी रागावलं नाही. संध्याकाळी विजयसिंह एवढंच म्हणाला, “आता दुकानासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं.” आणि शालूबाई म्हणाल्या, “घ्या की. आणि कॉम्प्युटर शिकलेली एक पोरगी बसवा काउंटरवर. मोना घरी सईला बघंल.”

मोनाने मला मिटलं आणि वर तळवा ठेवला. या काउंटरवर लोक तिला वैनी म्हणून हाक मारायचे, डिझाइन दाखवून ‘तुमाला कसं वाटतंय?’ असं विचारायचे. सातवीनंतर तिचं मत कुणी विचारलं असेल तर ते इथंच. ते जाणार होतं. मला रद्दीची भीती, तिला घरी बसण्याची. दोघींचा जीव एकाच टांगणीला.

पहिलं सॉफ्टवेअर दाखवायला सम्राट नावाचे एक टायवाले साहेब आले. सगळं इंग्रजीत, रंगीत तक्ते, झुळझुळ पुढं सरकणारे. ईमेल टाकल्याशिवाय पान पुढं जाईना. गणपतराव नव्या टोप्या सांगायला आले होते, ते म्हणाले, “ईमेल? आमच्यात म्हशीच्या कानात नंबरचा बिल्ला असतोय. ईमेल कुणालाच न्हाई.”

मोनाने हळूच विचारलं, “मिशी काढली तर माणूस सापडतो का यात?”

साहेब हसले. शालूबाईही हसल्या. मला मात्र वाटलं, प्रश्न बरोबर आहे.

त्या दिवशी मोनाने माझी पाच पानं दुमडून खुणा केल्या. दुसरे विक्रेते आले तेव्हा तिने मला त्यांच्यापुढं सरकवलं. “या वहीतले पाच पाटील त्यात घालून दाखवा.” त्यांनी घातले. मग पाटील शोधला तर पाच पाटील एकाखाली एक उभे, नुसते पाटील. “आता यातला जर्सीवाला कुठला?” त्यांनी डोकं खाजवलं. तेवढ्यात नेट गेलं आणि पाचही पाटील गेले.

तिसऱ्या मीनाक्षीताई आल्या. त्यांनी आधी मलाच मागून घेतलं, पानन् पान वाचलं. ‘पाटील, मफलर’ वाचूनही त्या हसल्या नाहीत.

“वहिनी, तुम्ही माणसाच्या तोंडावर खूण केली. तोंड बदलतं. खूण कामावर करायची.”

त्यांनी पडद्यावर दाखवलं. प्रत्येक कामाला एक नंबर, सोबत डिझाइनचा फोटो, नंबरची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात, तोच नंबर पार्सलावर. सगळं मराठीत.

“म्हणजे म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यागत,” मोना म्हणाली.

“अगदी तसंच.” आणि ताई खुर्चीवरून उठल्या. “बसा, तुम्हीच घाला.”

मोना बसली. मांडीवर सई, ती मध्येच बटणांवर थाप मारायची. मोनाने एका बोटाने पाचही पाटील घातले. ओठ मिटलेले, माझ्यात लिहिताना असायचे तसेच. मग तिने विजयसिंहला नेट बंद करायला लावलं. पाटील जागेवरच राहिले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. मोनाने नाव घातलं, पण रकाना पुढं जाईना; वहीतली जुनी कामं तशीच चालून गेली होती, नव्या कामाला त्याला फोन नंबर हवा होता. तिने चोरून सासूबाईंकडं बघितलं आणि म्हणाली, “मामा, नंबर सांगा. कॉम्प्युटर अडून बसलाय.”

मामांनी खडाखडा सांगितला.

शालूबाईंनी पडद्याकडं वाकून बघितलं. “यंत्रच मागतंय म्हटल्यावर काय करायचं,” त्या म्हणाल्या. मग सईला उचलून कडेवर घेत, “आणि हिला येतंय की सगळं. दुसरी पोरगी कशाला पायजे? सईला मी बघतो.”

मोनाने तोंड फिरवून पदराने डोळे टिपले. मग मामांच्या हातात कामाच्या नंबरची चिठ्ठी दिली.

मीनाक्षीताईंचं सॉफ्टवेअर दुकानात आलं, पण मी रद्दीत गेले नाही. घड्याळाखालच्या फळीवर असते. वीज गेली की मोना मला खाली काढते, पण आता आधी कामाचा नंबर लिहिते, मग पाटील. कुरतडलेल्या कोपऱ्यावरून अजून तिचं बोट फिरतं.

परवा गणपतराव आले. मिशी पुन्हा भरघोस आलेली. “वैनी, वळखलं का?”

मोनाने मान वर केली नाही. “नंबर सांगा.” त्यांनी चिठ्ठी काढून सांगितला, पार्सल हातात पडलं. मग ती म्हणाली, “मिशी झकास आलीया.”

तुमच्या ओळखीत कुणी छपाईवाला, शिंपी, फोटोवाला दुकानासाठी सॉफ्टवेअर घ्यायच्या विचारात असेल, तर त्याला माझा निरोप द्या. रंगीत तक्त्यांना भुलू नको म्हणावं. वहीतली पाच अवघड पानं घालून बघ, आणि काउंटरवर जी बसते तिला आधी खुर्चीवर बसव. एवढं त्याला सांगा. त्यालाही म्हणावं, पुढं चार जणांना सांग.