रेघेच्या आतली टीप

थोरलीला महिनाभर जेवण जात नव्हतं. झोपेचं तर नावच नको. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं आणि शेवटी विचारलं, "घरात कोणाशी काही बिनसलंय का?"

"घरात मी एकटीच. बिनसणार कोणाशी, भिंतीशी?" असं ठणकावून थोरली दवाखान्याबाहेर पडली. खोटं बोलणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं, त्या दिवशी मात्र बऱ्यापैकी जमलं.

बिनसलं होतं ते धाकट्या बहिणीशी. दोघींचं शिवणाचं दुकान. थोरली कापड बेतायची, खडूने रेघा आखायची. धाकटी त्यावर टीप मारायची. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली तरी सकाळी मशीनवर हजर. दिवसभर मशीनपेक्षा दोघींची तोंडंच जास्त चालत. भांडणंही होत, आणि चहा गार व्हायच्या आत मिटतही. पण एकदा एका गिऱ्हाइकासमोर थोरली बोलून गेली, "हिचा हात कधी रेघेवर राहतच नाही हो. मी नीट बेतते म्हणून निभावतंय." धाकटीने हातातलं काम पुरं केलं, मशीनवर कापड टाकलं आणि ती गेली. आठवड्याभरात कळलं की ती बाजारातल्या दुसऱ्या दुकानात लागली.

जाईना का! थोरलीने नाक वर करून नवी बाई ठेवली. बाई कामाला चोख, रेघ म्हणजे रेघ. तरी पहिलाच कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर लोंबायला लागला. दुसराही सैल. तिसरा घालून गिऱ्हाईक म्हणालं, "यात मी आणि माझा भाऊ, दोघं मावू."

थोरली नव्या बाईवर उखडली. बाईने मुकाट्याने कोट उलटा करून दाखवला. टीप रेघेवरून सूतभरही हलली नव्हती.

मग थोरलीने टेप घेऊन स्वतःची रेघ मापली. रेघच मापाच्या बाहेर पडली होती. टेबलावरचं दुसरं कापड मापलं, तेही तसंच. तिसरं मापायचा तिला धीर होईना. म्हणजे इतकी वर्षं कपडे लोकांच्या अंगावर बसत होते ते धाकटी रेघेच्या आत शिवत होती म्हणून. आणि त्याच गोष्टीसाठी आपण तिला चारचौघांत बोललो. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी दुकान नव्या बाईवर सोपवून ती धाकटीच्या घरी गेली. धाकटी कामावर असणार म्हणून मेहुण्यांना काय सांगायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं, पण दार उघडलं धाकटीनेच.

"तू या वेळी घरी?"

"काढलं मला. मी शिवलेले सगळे शर्ट तंग होतात म्हणे. काल एकाने श्वास घेतला आणि बटण उडालं."

आधी धाकटीला हसू फुटलं, मग थोरलीलाही आवरेना. हसता हसताच तिचा चेहरा उतरला.

"छोटे, माझी रेघच चुकते गं. आज मापून बघितली. लोकांसमोर तुला तसं बोलले, मला फार लाज वाटतेय."

"रेघेचं मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मग बोलली का नाहीस?" थोरलीचा आवाज चढला. माफी मागायला आलेल्या माणसाचा चढू नये, इतका चढला.

"तुझा स्वभाव काय मला नवा आहे, ताई? बोलले असते तर त्याच दिवशी तू कात्री खाली ठेवली असतीस. परत हात लावला नसतास." धाकटीने दाराची कडी उगाच वर-खाली केली. "मग दिवसभर मी कोणाशेजारी बसले असते?"

थोरली उंबऱ्यावरच मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. धाकटी "सरक जरा" म्हणाली आणि तिच्याशेजारी बसली.