मागे कधी असं झालं होतं का?

"हलू नका मामा, पुरळ पुसलं जाईल," निशिगंधा मॅडम म्हणाल्या आणि चिमाजीच्या दंडावर लिपस्टिकचे आणखी चार ठिपके काढून मागे सरकल्या.

चिमाजी हलणार कसला! पाच वर्षं तो या खाटेवर पेशंट म्हणून निजत होता. पिंपरीच्या त्या मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र विभागाचा तो शिपाई. पूर्वी प्रयोगांसाठी ससे असत, त्यांचा चारापाणी त्याच्याकडे. पुढे प्राण्यांवरचे प्रयोग बंद झाले, पिंजरे भंगारात गेले. आता विद्यार्थ्यांना औषधाची रिअॅक्शन ओळखायला आणि तिचा फॉर्म भरायला शिकवायचं, असं ठरलं. सरावाला पेशंट हवा म्हणून मॅडमनी चिमाजीलाच आडवा केला. मॅडमनी दिलेल्या कार्डावर लिहिलेलं त्याला तोंडपाठ होतं. वय पंचेचाळीस, गुडघेदुखीची गोळी, चौथ्या दिवशी ताप आणि अंगावर पुरळ. पूर्वी याच औषधाची रिअॅक्शन आली होती का, याचं उत्तर, नाही. दरवर्षी दीडशे पोरं टोळक्याटोळक्यानं येत आणि हाच प्रश्न विचारून जात. "मामा, तुम्ही नाटकातच जायला हवं होतं," असं मॅडम थट्टेनं म्हणत, आणि तो लाजून डोळ्यांवर हात घेई.

वीस महिन्यांपूर्वी त्याची बायको सुभद्रा गेली. चौदाव्या दिवशी तो कामावर हजर झाला आणि त्याच आठवड्यात पुन्हा खाटेवर निजला. एका पोरानं तो प्रश्न विचारला. चिमाजीनं नेहमीसारखं "न्हाई" म्हटलं, आणि ते म्हणता म्हणताच घरात काय घडलं होतं ते सगळं त्याला उमगलं. तो ओरडला नाही, रडलाही नाही. दाढ काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळं अंगच त्या दिवसापासून त्याला आपलं वाटेनासं झालं. जेवण होई, झोप लागे, घरून, निघोज्याहून येणारी बस वेळेवर मिळे. आणि तो प्रश्न आला की तो "न्हाई" म्हणे.

आजच्या टोळक्यात पूनम नावाची मुलगी पुढे होती. चऱ्होलीची, घरची शेती गेलेली, पण बोलण्यात गाव शिल्लक असलेली. तिनं स्टूल ओढलं, वय विचारलं, गोळी कुठून आणली ते विचारलं, पुरळ बोटानं दाबून पाहिलं. मग फॉर्मवर नजर ठेवून म्हणाली, "याआधी या औषधाची रिअॅक्शन..."

ती मध्येच थांबली. पेन खाली ठेवलं.

"असं नको. आमच्या आज्जीला रिअॅक्शन म्हटलं तर काही कळायचं नाही. मामा, मागं कधी ही गोळी खाल्ल्यावर तोंड आलं होतं का? डोळे लाल, ओठ सोललेले? उष्णता झाली म्हणून तुम्ही सोडून दिलं, असं काही?"

पाच वर्षांत कुणी त्याला हे असं विचारलं नव्हतं.

"व्हय," चिमाजी म्हणाला.

मॅडमनी हातातलं कार्ड पाहिलं. "मामा, नाही म्हणायचंय."

"आलं व्हतं तोंड. चार म्हैने आधी. म्या सब्जा भिजवून दिला, गुलकंद दिला. आठ दिसांत गेलं."

"तुम्हाला?" पूनमनं विचारलं.

"मला न्हाई. सुभद्राला."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. सुभद्रा कोण, हे मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि पूनमला थांबवून घेतलं.

चिमाजी छताकडे बघत सांगत राहिला. सुभद्राला लघवीला जळजळ होई. मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळीनं ती थांबली, फक्त तोंड आलं. जळजळ पुन्हा सुरू झाली तेव्हा गोळ्यांचं रिकामं पाकीट खिशात घालून तो चाकणला गेला आणि तीच गोळी मागून आणली. मागच्या खेपेला गुण आला होता ना! तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, अंगावर फोड आले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का? तो नाही म्हणाला. मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्यांना औषध चालू असणं कोण म्हणतं? नवव्या दिवशी ती गेली. कागदावर रक्तात जंतू पसरल्याचं लिहिलं होतं.

मॅडम उठल्या. कपाटातून एक फॉर्म काढून त्यांनी पूनमच्या मांडीवर ठेवला.

"हा सरावाचा नाही, सरकारकडे जाणारा खरा आहे. गेलेल्या माणसाचाही भरता येतो. तू लिही, मी बघते." मग त्या चिमाजीकडे वळल्या. "मामा, फॉर्म भरला म्हणजे कुणाची चूक कबूल केली असं होत नाही. तुम्ही दरवर्षी ऐकता ना माझ्या तोंडून?"

"ऐकतो की."

पूनम विचारत गेली. नावाची नुसती आद्याक्षरं. वय एकोणपन्नास. गोळीचं नाव त्यानं स्पष्ट सांगितलं, दोन्ही वेळच्या तारखा सांगितल्या. त्याचा आवाज कार्ड म्हणताना असे तसाच होता.

"गोळी कुणी दिली ते लिवा," तो म्हणाला.

पूनमनं फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. "त्याला रकाना नाही मामा."

"मग कडंला बारीक लिवा."

"ते कुणी विचारत नाही मामा," मॅडम हळूच म्हणाल्या.

"पर मी सांगतोय की."

पूनमनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीकडे बघत होत्या. घटनेचं वर्णन लिहायच्या जागेत तिनं एक ओळ वाढवली आणि ती वाचून दाखवली, "गोळी नवऱ्याने आणून दिली."

चिमाजीनं मान हलवली.

"वजन राहिलंय," पूनम म्हणाली. "माहीत नसेल तर रिकामं सोडते."

चिमाजी खाटेवर उठून बसला.

"आमचा जिना अरुंद हाय. स्ट्रेचर वळंना. दवाखान्यात न्यायला तिसऱ्या मजल्यावरनं म्याच खाली आणली तिला, चादरीत घिऊन. हात लागंल तिथलं कातडं निघत व्हतं, म्हून सावकाश आलो."

त्यानं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि क्षणभर अंदाज घेतला.

"अडतीस," तो म्हणाला. "अडतीस लिवा."

पूनमनं आकडा लिहिला. पुढचा रकाना विचारायला तिनं मान वर केली आणि ती तशीच थांबली. मामांचे हात अजून पुढेच होते.