थांबलेला गाडीवाला

गाडीनं माणूस उडवला तर गाडीवाल्यानं काय करावं, हे कुरखेड्याकडच्या त्या रस्त्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानं पळावं. मागं वळून न पाहता थेट ठाणं गाठावं आणि जीव वाचवावा. गावानं काय करायचं तेही तितकंच ठरलेलं. आधी किल्ली काढून घ्यायची, मग माणूस बाहेर ओढायचा, आणि पोलीस येतील तेव्हा त्यांच्यासाठी फारसं काही शिल्लक ठेवायचं नाही. गावाला हे कुणी हौसेनं शिकवलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात झिंगूबुढ्याच्या पोराला एका ट्रकनं ओढ्यावरच्या रपट्यावर चिरडलं आणि तो ट्रक काही आजवर सापडला नाही. तेव्हापासून सगळं गाव डूख धरून बसलं होतं, आणि त्यात जंगू मडावी सगळ्यांत पुढं.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. जंगू रस्त्यापासून लांबच्या बांधीत, पाणी साठलेल्या भातशेतात, फावड्यानं धुऱ्याची माती नीट करत होता. त्याची बायको मंगली पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होती. तेवढ्यात वळणावरून पांढरी कार आली. खोटं कशाला सांगा, चूक गाडीवाल्याचीच होती. पुढं वळण, वळणानंतर रपटा, दोन्ही बाजूंनी बाया रोवणीवर, आणि हा बाबा वाघ मागं लागल्यासारखा दामटत होता. त्यानं ब्रेक दाबला तोवर व्हायचं ते झालं होतं. मंगली उडून रपट्याच्या फुटक्या कठड्यावर पडली. कठड्यातून लोखंडी सळया कधीच्या बाहेर आल्या होत्या. त्यातली एक तिच्या मांडीत घुसली आणि ती रस्त्यावर घसरली तशी मांडी फाडून निघाली.

जंगूनं आवाज ऐकला आणि हातातल्या फावड्यासकट चिखल तुडवत धावला. रस्त्यावर चढला तेव्हा त्याला दिसलं ते असं. पेंढ्या विखुरलेल्या, मंगली उताणी, लुगडं जांघेपर्यंत सरकलेलं, आणि एक परका माणूस गुडघ्यांवर बसून दोन्ही हात तिच्या उघड्या मांडीवर रोवून तिच्यावर वाकलेला. कोपरापर्यंत रक्तानं माखलेला. बाजूला गाडीचं मागचं दार सताड उघडं.

जंगूच्या डोक्यात तिडीक गेली. विचार करायला तिथं जागाच राहिली नाही. त्यानं त्या माणसाच्या मानगुटीला धरलं आणि मागं फेकलं. हात सुटले तसं मंगलीच्या मांडीतून रक्त उसळलं. ते जंगूनं पाहिलं. पाहून त्याला वाटलं, हे यानं केलं.

त्या माणसाचं नाव नागसेन. भद्रावतीचा होता, सासुरवाडीला निघाला होता, हे सगळं मागाहून कळलं. त्या वेळी तो फक्त गाडीवाला होता. तो सरपटत पुन्हा मंगलीकडे निघाला, तेव्हा जंगूला वाटलं हा गाडीकडे पळतोय. त्यानं फावड्याचा दांडा उचलून पूर्ण ताकदीनं मारला. नागसेननं उजवा हात आडवा घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज बांधीत उभ्या बायांनीही ऐकला.

मग बाकीचे आले. जंगूचा चुलतभाऊ धनराज सगळ्यांत आधी गाडीत शिरला, किल्ली उपसली आणि जोरात बांधीत भिरकावली. कुणी दगडानं समोरची काच फोडली. झिंगूबुढा काठी घेऊन आला. त्याचं वय झालेलं, पाय लटपटत होते, पण पोराच्या मरणाचा राग हातात उतरला होता आणि तो नेमका तोंडावर मारत होता. लाथा बसल्या, चपला बसल्या, बैल हाकायच्या तुतारीची टोकं पाठीत घुसली. दात पडले. डोळा बंद झाला. सगळे मारत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कमी मारतोय.

नागसेन सारखा काहीतरी ओरडत होता. मार खाणारा माणूस ओरडतोच, दयामाया मागतो, पोरंबाळं काढतो. कुणी कान दिला नाही. जंगूनं शब्द ऐकले होते. "दाबून धरा" एवढंच तो म्हणत होता, पुन्हा पुन्हा, तोंडात रक्त भरलं तरी. जंगूला अर्थ लागला नाही. त्यानं आणखी एक लाथ बरगड्यांत घातली, आणि ती घालताना त्याला बरं वाटलं. हेही सांगितलंच पाहिजे.

अर्थ लागला तो सुकरीला. सुकरी जंगूची थोरली बहीण, आयुष्यभर गाईगुरांचं बाळंतपण करून करून रक्ताला न भिणारी. झिंगूबुढा मघाच ‘गेली, गेली’ म्हणाला होता म्हणून कुणी मंगलीकडे फिरकलंच नव्हतं. सगळा गाव तिचा सूड घेत होता आणि तिच्यापाशी एक माणूस नव्हता. सुकरी जवळ गेली, तर मंगलीचे ओठ हलत होते. सुकरीनं पदराचा बोळा करून जखमेत कोंबला, त्यावर आपल्या दोन्ही हातांचा भार टाकला आणि भावाला हाक मारली.

"जंगू, जिती हाये ती. तुले समजून राह्यलं काय? जिती हाये."

जंगूच्या हातातून फावडं गळून पडलं. एखाद्याच्या तोंडावर गार पाणी मारावं तसा तो भानावर आला. वळून पाहिलं तर रस्त्यावर रक्ताचं थारोळं झालेलं, खाली बांधीच्या पाण्यापर्यंत ओघळ गेलेला. धनराजनं १०८ला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, याच जागेवरून मघाशी एकाचा फोन आला होता, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे, निघते, वेळ लागेल. मघाशी फोन कुणी केला होता ते विचारायची गरज नव्हती. गावातला ट्रॅक्टर वडशाला गेलेला. मोटरसायकलवर असा माणूस नेता येत नाही. दवाखान्यापर्यंत नेईल अशी एकच गाडी तिथं होती आणि ती चालवणारा एकच माणूस होता, आणि तो रस्त्याच्या कडेला वाकडा पडून रक्त थुंकत होता.

आधी किल्ली हवी होती. बाया बांधीत उतरल्या, पुरुष उतरले, गुडघाभर चिखलात हात घालून चाचपू लागले. मघा मारायला जो जोर होता तोच आता शोधायला लागला, पण चिखलाला त्याचं काय. गवसलेली प्रत्येक वस्तू दगड निघत होती. सुकरी वरून ओरडत होती, लवकर करा. मंगलीचा चेहरा राखेसारखा होत चालला होता. शेवटी एका बाईच्या बोटांना किल्ली लागली.

जंगू नागसेनपाशी जाऊन बसला.  पाया पडावं तर ते हात आताच त्याला मारून आलेले. त्यानं तोंड उघडायच्या आत नागसेनच बोलला.

"मले उठवा, भाऊ. उजवा हात गेला. गेर तुम्ही टाका, मी सांगतो."

दोघांनी उचलून त्याला बसवलं. मागच्या सीटवर मंगली, तिच्या मांडीवर गुडघा रोवून सुकरी. जंगू पुढं, डाव्या बाजूला. नागसेनचा डावा हात स्टेअरिंगवर, उजवा मांडीत पडलेला, सुजून भोपळा झालेला. तो क्लच दाबायचा आणि सांगायचा, पुढं, मागं, पुन्हा पुढं. जंगू गेरचा दांडा ढकलायचा. त्यानं आयुष्यात नांगर सोडून काही हाकलं नव्हतं. पहिल्यांदा गाडीनं अशी उसळी मारली की नागसेनचा मोडका हात दारावर आपटला आणि तो गुरासारखा ओरडला. ओरडून झाल्यावर म्हणाला, हळू टाका.

काच नव्हती. वारा तोंडावर येत होता, काचेचे तुकडे मांडीत पडत होते. एका डोळ्यानं पाहत नागसेन गाडी नेत होता. दोन शत्रूंनी मिळून एक गाडी चालवावी असा तो प्रकार होता, आणि जंगूला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. दर थोड्या वेळानं तो मागं वळून विचारायचा आणि सुकरी म्हणायची, आहे अजून, चाल.

एका ठिकाणी रस्ता सरळ लागला, गेर बदलायचं काम नव्हतं. जंगूच्या मनात मघापासून खुपत होतं ते बाहेर पडलं.

"तू पळाला काऊन नाई?"

नागसेनच्या सुजलेल्या ओठांतून शब्द फुटायला वेळ लागत होता.

"पळतच होतो. आरशात ती हाललेली दिसली."

 थोड्या वेळानं जंगूनं मागं वळून विचारलं तेव्हा सुकरीनं उत्तर दिलं नाही. तिनं नुसता गुडघा अधिक जोरानं दाबला.

दवाखान्यात स्ट्रेचर धावत आलं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. पण मंगलीच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की संपलं. मांडीची मोठी नस तुटली होती, बाकी कुठं फारसा मार नव्हता. मग, त्यांनाही वाईट वाटलं असावं, जरा चिडूनच त्यांनी विचारलं की रक्त वाहायला लागल्या लागल्या कुणी जखम दाबून धरली नाही का? कुणाला एवढंही सुचलं नाही?

सुकरी आपल्या लाल हातांकडे पाहत रडू लागली. नागसेन बाकावर भिंतीला टेकून होता. त्यानं मान खाली घातली. त्याला बोलता आलं असतं, आणि तो बोलला नाही.

तेवढ्यात मागाहून रस्त्यात मिळालेला एक टेम्पो बाहेर येऊन थांबला. धनराज, झिंगूबुढा, निम्मा गाव. काठ्या हातात तशाच. मंगली गेल्याचं दारातच कळलं आणि धनराज शिव्या देत आत घुसला. दवाखान्याचा शिपाई मधे आला, त्याला त्यानं ढकलून दिलं. त्यानं नागसेनला बाकावर पाहिलं आणि काठी उगारली.

जंगू उठून मधे उभा राहिला.

"ह्यानंच मारलं वहिनीले," धनराज म्हणाला. "सरक तू."

"ह्यानं धडक देल्ली," जंगू म्हणाला. "त्याचं पोलीस पाह्यतीन. पन ह्यानं तिचं रगत हातानं दाबून धरलं होतं. तिचा जीव त्या हाताखाली होता, धनराज. तो हात मी ओढून काढला. अन् मंग मोडला."

धनराजनं उगारलेली काठी खाली घेतली. झिंगूबुढ्यानं बाकावरच्या माणसाचं फुटकं तोंड पाहिलं, आणि आपली काठी भिंतीशी ठेवून दिली. डॉक्टरीणबाईंनी नागसेनला आत न्यायला सांगितलं. त्याला चालता येईना, म्हणून जंगूनं त्याच्या काखेत खांदा दिला आणि मंगली ज्या खोलीत होती त्या खोलीच्या दारावरून त्याला पुढं नेलं.